दम राखणारा घोडा

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी धावते ती २,४०० मीटरची. अडीच मिनिटांच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. त्याचा रस घ्यायला फारशी तयारी लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा शर्यत पाहणारा माणूसही शेवटच्या वळणावर खुर्चीतून उठतो. एन्ड्युरन्स रायडिंगचं तसं नाही. ही लांब पल्ल्याची घोडदौड. अंतर सहसा ५० मैल किंवा १०० मैल, वाट डोंगरदऱ्यांची, मधूनमधून पशुवैद्यांचे तपासणी नाके, आणि प्रेक्षक म्हणावेत तर बहुतेक वाटेवर झाडंच. इथे पाहायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. माझ्यापुरतं मी ते ठरवून टाकलं आहे: धावायला आसुसलेला घोडा आपली धाव राखायला कसा शिकतो, ते पाहायचं. जात्याच थंड असलेल्या घोड्याने दम राखला तर त्यात कौतुक ते काय! ज्याच्या अंगात रग मावत नाही, पुढचा घोडा दिसला की ज्याला राहवत नाही, त्याने तीच रग शंभर मैल पुरवून पुरवून वापरावी, यात या कलेची खरी गोडी आहे.

ती चाखायची तर टेव्हिस कपसारखी दुसरी जागा नाही. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात, ट्रकी गावाच्या दक्षिणेला रोबी पार्क नावाचा जंगलातला तळ आहे, सुमारे ७,००० फूट उंचीवर. उन्हाळ्यात, बहुधा पौर्णिमेच्या आसपासच्या शनिवारी, पहाटे सव्वापाचला तिथून घोडे सुटतात आणि १०० मैलांवरच्या ऑबर्न गावाची वाट धरतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचच्या आत पोहोचायचं. १९५५ साली ऑबर्नचे वेंडेल रोबी आणि त्यांचे चार सोबती या जुन्या डोंगरवाटेने निघाले ते हेच दाखवायला, की आजच्या काळातल्या घोड्यालाही एका दिवसात शंभर मैल झेपतात. पुढे १९७२ साली अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संस्था निघाली, तिने ब्रीदच असं घेतलं की जो पोहोचला तो जिंकला. ऐकायला हे मवाळ वाटतं. पण टेव्हिसला निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच पोहोचतात, एवढं कळलं की त्यातली धार जाणवते.

पाहण्याच्या सोयीसाठी एक घोडा डोळ्यांपुढे आणू. सात-आठ वर्षांचा, करड्या रंगाचा अरबी. सहा वर्षांखालचा घोडा या स्पर्धेत घेतच नाहीत. स्वार म्हणजे त्याची मालकीणच, शिंगरू असल्यापासून त्याला वाढवणारी. असे जोड या वाटेवर दरवर्षी दिसतात.

सुटण्याआधीचा अर्धा तास हा सगळ्यात अवघड. अंधार पुरता विरलेला नसतो, थंडी असते, शंभराच्या वर घोडे दाटीने उभे असतात. आपला करडा लगेच ओळखू येतो. मान कमानीसारखी ताणलेली, शेपूट वर, नाकपुड्या फुललेल्या, चार पाय एका जागी ठरत नाहीत. तोंडातलं लोखंड कडाकडा चावणं चालू. शेजारच्याने पाऊल उचललं की हा आडवा होतो. अजून एक मैलही गेलेला नाही आणि छातीवर, मांड्यांच्या आत घामाचा फेस आलेला.

याला हट्टीपणा किंवा खोडसाळपणा समजणं चूक आहे. घोडा कळपाचा प्राणी. मोकळ्या रानात जो मागे पडला तो शिकार झाला, हे त्याच्या रक्तात मुरलेलं आहे. पुढचे घोडे झाडीत दिसेनासे होऊ लागले की त्याला ती हार वाटत नाही, धोका वाटतो. त्यात महिनोन्‌महिने मेहनत घेऊन कमावलेलं अंग आणि पोटात चांगला दाणा. इथेच घोडं पेंड खातं. ज्या तयारीच्या जोरावर तो शंभर मैल जाणार, त्याच तयारीच्या जोरावर तो पहिल्या पंधरा मैलांत स्वतःला जाळूनही घेऊ शकतो.

नवखा स्वार अशा वेळी लगाम खेचून धरतो आणि तसाच धरून बसतो. चारशे-साडेचारशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच खेळून कोण जिंकलं आहे? घोड्याला सतत ताण मिळाला की तो त्या ताणावर रेलतो, तोंड वर करतो, पाठ खाली दाबतो आणि ओढू लागतो. पाठ अशी खोलगट झाली की प्रत्येक पाऊल मागच्या पायांच्या स्नायुबंधांवर आणि खोगिराखालच्या मणक्यांवर आदळतं. तोंडाच्या कोपऱ्यांना फोड येतात. जास्त कडक लोखंड घातलं तर थोडे दिवस धाक बसतो, मग घोडा त्यालाही सरावतो. म्हणूनच या खेळातले कितीतरी जाणते स्वार उलटी वाट धरतात. त्यांच्या घोड्याच्या तोंडात लोखंडच नसतं, नुसता नाकावरून जाणारा लगाम असतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही बेफिकिरी वाटते. खरं तर घोडा लगामाने थांबत नसतो हे ज्याला पुरतं पटलं आहे, त्यालाच हे जमतं.

मग थांबतो कशाने? त्याआधी न थांबल्याने काय होतं, ते पाहू. स्वस्थ उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं. कमावलेला घोडा एकसुरी दुडकीने चालला की ते १२०-१३०च्या घरात खेळतं. या पट्ट्यात स्नायूंना प्राणवायू पुरेसा मिळतो आणि जळण म्हणून मुख्यतः चरबी वापरली जाते, जी घोड्याजवळ मुबलक असते. ठोके १५०-१६०च्या पलीकडे गेले की गणित बदलतं. स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन भराभर जळू लागतं आणि रक्तात लॅक्टेट साठतं. हे ग्लायकोजेन पुन्हा भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे पहाटे उधळून टाकलेलं भांडवल रात्री कुठूनही उसनं मिळत नाही. रात्रभराच्या भजनात पहिल्याच अभंगाला टिपेचा सूर लावणाऱ्याचं काकड्याच्या वेळी जे होतं, तेच या घोड्याचं होतं. शिवाय घाम. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट; उन्हात जोरात चाललेला घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो, आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम जातं. या क्षारांचं संतुलन फार ढळलं की कुशीत हृदयाच्या ठोक्यागणिक उचकीसारखा झटका दिसू लागतो. घोडेवाले त्याला थम्प्स म्हणतात, आणि ते दिसलं की त्या दिवसाची वाटचाल संपली. उतावळ्या घोड्याचं आणखी एक दुर्दैव असं की नुसत्या घालमेलीनेही त्याचे ठोके चढतात. शेजारून त्याच वेगाने चाललेला शांत घोडा जिथे स्वस्तात सुटतो, तिथे हा जास्त मोल देतो.

त्याहून नाजूक मुद्दा पुढेच आहे. दमलेला थंड घोडा स्वतःहून मंदावतो, स्वाराला कळवतो. उतावळा घोडा कळवत नाही. अंगातली उत्तेजना थकवा झाकते, आणि अरबी घोडा तर जीव जाईतो पुढे जाण्यासाठी प्रसिद्ध. म्हणून 'पळू दे, दमला की आपोआप शिकेल' हा सल्ला मला क्रूर वाटतो. दमण्यातून तो काही शिकत नाही. शिकतो ते न दमता.

आता कसब. टेव्हिसच्या पहाटे जे दिसतं त्याची मशागत कितीतरी महिने आधी घराजवळच्या वाटांवर झालेली असते. तिघे-चौघे मिळून एका ओळीत निघतात. शेवटचा सगळ्यांना ओलांडून पुढे जातो, पुढचा मागे येतो, पुन्हा अदलाबदल. मागे पडलं की जग बुडत नाही, थोड्या वेळाने आपण पुढे असतो, हे करड्याला कुणी सांगून कळणार नाही. ते असं अंगवळणी पडतं. मग कुणी एक वेगळ्या फाट्याने निघून जातो आणि अर्ध्या तासाने परत भेटतो. कळप तुटला आणि पुन्हा जुळला. आधी हाका, खिंकाळणं, उड्या. नंतर नुसते कान त्या दिशेला. नंतर तेही नाही.

हाताचं काम त्याहून सूक्ष्म. करडा पावलाची लांबी वाढवू लागला की मालकिणीची बोटं ओला स्पंज पिळावा तशी क्षणभर मिटतात. त्याचा एक कान मागे वळतो, पाऊल कणभर आखडतं. नेमक्या त्याच क्षणी बोटं उघडली पाहिजेत. घोड्याला शिकवतं ते हे उघडणं. एक-दोन पावलं उशीर झाला तर त्याने दिलेल्या उत्तराला पोचच मिळत नाही आणि पुढच्या वेळी तो उत्तर द्यायचा नाही. दर मिनिटाला चार-पाच वेळा, तासन्‌तास, असं घ्यायचं आणि सोडायचं. चांगला स्वार ओळखायचा तर त्याने लगाम किती वेळा घेतला ते मोजू नये, किती चटकन सोडला ते पाहावं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी जागा मांडीची. दुडकी चालीत स्वार ठेक्यावर खोगिरातून उठतो-बसतो. घोडा घाईला आला की नवखा स्वारही त्याच्या घाईने उठू-बसू लागतो आणि दोघं मिळून वेग वाढवतात. करड्याची मालकीण तसं करत नाही. ती वर उठते आणि वरच निमिषभर रेंगाळते. खाली येताना टेकते ती अलगद, सावकाश. तिचा श्वास लांबतो, खांदे उतरतात. घोड्याच्या पाठीवर आता दोन ठेके असतात, एक त्याचा आणि एक तिचा, आणि ही विसंगती त्याला खुपते. सात-आठ पावलांत तो आपला ठेका तिच्या ठेक्याशी जुळवून घेतो. लगामाला हात लागलेला नसतो. दुरून पाहणाऱ्याला इतकंच दिसतं की एक घोडा उगाचच शांत झाला. ही जागा एकदा लक्षात आली की पुढे दर स्वारात ती शोधायचा नाद लागतो.

रग फारच चढली तर तिला काम द्यायचं. झाडांमधून नागमोडी वळणं, कधी तिरकं चालणं, कधी एखादं वर्तुळ. वळणारा घोडा सरळ उधळू शकत नाही, आणि पाय कुठे टाकायचा याचा विचार करणारं डोकं पुढच्या घोड्याचा विचार करू शकत नाही. दुडकीतून कदम, कदमातून दुडकी, हा बदल घोडा थकण्याआधी, तो ताजातवाना असतानाच पुन्हा पुन्हा करायचा, म्हणजे हळू होणं ही त्याला शिक्षा वाटत नाही. आणि वाटेत गवत दिसलं की थांबून खाऊ द्यायचं. मान खाली, जबडा चालू, की अंगातली ताठर वीज उतरते. पहिल्या स्पर्धा २५-३० मैलांच्या, त्याही सगळ्यांच्या मागून दहा-पंधरा मिनिटांनी निघून, सुरुवातीला चक्क पायी, घोडा हातात धरून. स्पर्धा ही करड्याला थोडी कंटाळवाणी वाटू लागली की मशागत झाली म्हणायची.

अशा तयारीचा घोडा टेव्हिसच्या वाटेवर पाहण्यात मजा आहे, कारण ही वाट परीक्षकासारखी नेमक्या जागी प्रश्न विचारते. पहिल्या पंधराएक मैलांतच ती सुमारे ८,७०० फुटांच्या खिंडीत चढते. चढ उतावळ्याला आवडतो, त्याला तिथे जोर दाखवता येतो, आणि म्हणूनच तिथे त्याला दुडकीवर धरून ठेवणं अवघड. माथ्यापलीकडे ग्रॅनिट चीफच्या रानात दगड आणि दलदल. घाईच्या घोड्याचा नाल इथे निघतो. पुढे कूगर रॉक नावाचा ज्वालामुखीच्या खडकाचा उभा सुळका. त्यावर चढणाऱ्या घोड्याचं छायाचित्र ही या स्पर्धेची ओळखच झाली आहे. बाजूने सोपी वाटही आहे. छायाचित्रांत बहुतेकांची नजर स्वाराच्या चेहऱ्यावर जाते. मी घोड्याची मान पाहतो. मान लांब, खाली, नाक खडकाजवळ नेऊन पाय ठेवायची जागा शोधत असलेला घोडा वाट वाचतो आहे. मान वर, डोळे पुढच्या शेपटीवर असलेला घोडा नशिबावर चालला आहे.

३६ मैलांवर रॉबिन्सन फ्लॅट. इथे तासभराची सक्तीची विश्रांती, आणि इथेच या खेळाचा सर्वांत हुशार नियम भेटतो. विश्रांतीचं घड्याळ घोडा पोहोचल्यावर सुरू होत नाही. त्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या आकड्याला, सहसा मिनिटाला ६० किंवा ६४ला, उतरल्यावर सुरू होतं. समजा एक जण घोडा दामटत पाच मिनिटं आधी आला. घोड्याचे ठोके उतरायला त्याला वीस मिनिटं लागली. करडा मागून आला, पण शेवटचा अर्धा मैल मालकिणीने उतरून, तंग सैल करून, बाजूने चालत आणला. त्याचे ठोके पाच मिनिटांत उतरले. घड्याळ करड्याचं आधी सुरू झालं, तो आधी सुटणार. आधीच्याने उधळलेल्या वेगाची किंमत नाक्यावरच वसूल झाली. जे शिकवायला स्वाराला कित्येक महिने लागतात ते हा नियम एका ओळीत सांगतो, फक्त घोड्याऐवजी माणसाला.

ठोक्यांपलीकडे पशुवैद्य हिरड्यांचा रंग पाहतात, हिरडी दाबून सोडली की रक्त किती चटकन परत येतं ते पाहतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, कुशीला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची गुडगुड ऐकतात. गप्प पोट ही वाईट खूण. मग केरी रिजवे या पशुवैद्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी. ठोके मोजायचे, घोडा हातात धरून १२५ फूट दुडकवत नेऊन तेवढाच परत आणायचा, आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजायचे. आधी ६० आणि नंतरही ६० किंवा त्याहून कमी, तर आतला हिशेब ठीक. ६०चे ७२ झाले तर घोडा बाहेरून कितीही उमदा दिसो, आत काहीतरी तुटत चाललं आहे. उतावळ्या घोड्याचं सोंग इथे उघडं पडतं. त्याला माणसाला फसवता येतं, स्वतःच्या हृदयाला येत नाही.

दुपारी खोल दऱ्या लागतात. पारा ३८ अंशांच्या वर चढू शकतो, वारा नाही, आणि वळणावळणांची उतरण संपली की लगेच तितकाच चढ. पहिल्या दरीच्या तळाशी झुलता पूल आहे. जाणते स्वार त्याच्याजवळ नदीत उतरतात, घोड्याच्या मानेवर, छातीवर पाणी मारतात आणि त्याला पोटभर पिऊ देतात. सकाळी पाण्याकडे ढुंकूनही न पाहणारा करडा इथे मान बुडवून पितो, डोकं वर करतो, आजूबाजूला पाहतो, पुन्हा पितो. मालकीण लगामाला हात लावत नाही. मागून आलेले दोन घोडे पुढे निघून जातात. करड्याचे कान त्यांच्यामागे वळतात, आणि तो पुन्हा पाण्यात तोंड घालतो. या एका हालचालीसाठी मी अख्ख्या दिवसाची शर्यत पाहीन. पहाटे ज्याला एक घोडा पुढे गेलेला सोसत नव्हता, त्याने आता स्वतः हिशेब केला आणि पाणी निवडलं.

चढावर मालकीण उतरते, लांब दोरी हातात ठेवून करड्याची शेपटी धरते आणि त्याच्यामागे चालते. अशा वेळी घोडा पाठीवरच्या ओझ्यातून सुटतो आणि बाई अर्ध्या श्रमात चढते. उतारावर ती त्याच्या बाजूने धावते. या खेळात स्वाराचे पायही कमावलेले लागतात, ते याच कारणाने. गॉर्डन एन्सली नावाच्या स्वाराचा घोडा १९७३च्या टेव्हिसमध्ये लंगडला. पुढच्या वर्षी तो घोड्याविनाच निघाला, सगळी वाट पायी धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोहोचला. वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची प्रसिद्ध पायी शर्यत त्यातून जन्मली. घोड्याचा भार हलका करायला उतरणाऱ्या माणसांच्या खेळातून असं काही निघावं, यात नवल नाही.

६८ मैलांवर फॉरेस्टहिल, पुन्हा तासभर थांबा. इथून रात्र सुरू होते आणि पाहण्याचा सूर पालटतो. आतापर्यंत मालकीण राखत होती, करडा ऐकत होता. आता नदीच्या वरून कडेकडेने जाणाऱ्या अरुंद वाटेवर, चांदण्यात, तिला पुढचं धड दिसतही नाही. घोड्याला माणसापेक्षा अंधारात बरं दिसतं. लगाम सैल, हात मानेवर, आणि वेगाचा निर्णय पूर्णपणे त्याचा. सपाटी आली की तो आपणहून दुडकतो, खडक आला की कदमावर येतो, वळणापलीकडे मोकळी वाट दिसली की पुन्हा दुडकी. सबंध दिवस पिळून आणि सोडून, ठेका लांबवून, थांबवून जे सांगितलं गेलं, ते आता कुणी न सांगता घडतं. पहाटे राखलेली रग इथे बाहेर येते. सोबतचे घोडे माना टाकून चालत असतात तेव्हा याचे कान पुढे असतात. ८५ मैलांच्या पुढे नदी ओलांडायची, मग नो हँड्स ब्रिज नावाचा जुना पूल, आणि पलीकडे ऑबर्न.

जिंकणारे साधारण पंधरा तासांच्या आसपास पोहोचतात, बाकीचे चोवीस तासांची कड गाठतात. पण या स्पर्धेची समीक्षा दुसऱ्या दिवशी होते. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांना सकाळी पुन्हा पशुवैद्यांसमोर उभं केलं जातं, आणि ज्याची तब्येत सर्वोत्तम, जो आजही पुन्हा निघायला तयार दिसतो, त्याला १९६४पासून हॅगिन कप दिला जातो. जाणकारांत या दुसऱ्या चषकाचा मान पहिल्याहून कमी नाही. माझ्या मते तो जास्तच असावा, कारण पहिला चषक घोडा किती लवकर आला एवढंच सांगतो. कसा आला हे दुसरा सांगतो. दीर्घ मुदतीचा पुरावाही आहे. डॉना फिट्झजेराल्ड यांनी विटेझारिफ या अरबी घोड्यावर १९७०च्या दशकात टेव्हिस सहा वेळा जिंकली. एकदा जिंकायला वेग पुरतो. त्याच घोड्यावर सहा वेळा जिंकायचं तर दर वेळी काहीतरी शिल्लक ठेवूनच पोहोचावं लागतं. अमेरिकेतली संस्था दहा वर्षं एकत्र टिकलेल्या घोडा-स्वार जोडीचा वेगळा सन्मान करते, तोही याच जाणिवेतून.

या कलेला दुसरी बाजूही आहे. वाळवंटातल्या सपाट, आखलेल्या मार्गांवर एन्ड्युरन्सची शर्यत झाली, पैसा आला, पगारी स्वार आले, आणि वेग असा वाढला की घोड्यांचे पाय मोडू लागले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने घोड्यांच्या हेळसांडीच्या प्रश्नावरून संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला काही महिने निलंबित केलं. मराठी वाचकाला यातला पेच ओळखीचा वाटावा. आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन फौजेत येई, बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार लढाईत हातचं राखतो, घोडा जपतो, अशी तक्रार जुनीच. घोडा मेला तर त्याची चाकरी आणि पोट दोन्ही जाई, मग तो जपणारच. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली लहानखुरी भीमथडी तट्टं मराठी फौजांखाली मुलूखभर फिरली. रोजच्या वाटचालीत ती चौखूर उधळली असती तर चार मुक्कामही टिकली नसती. रणात शिलेदाराच्या या सावधपणाला दोष देता येईल. शंभर मैलांच्या वाटेवर मात्र तोच सावधपणा कलेचं रूप घेतो. ज्याला उद्या याच घोड्यावर बसायचं आहे, तोच आज त्याचा दम राखतो.

एक कसोटी राहिली. दम राखायला शिकवण्याचा एक सोपा मार्गही आहे: घोड्याचा हुरूपच मोडून टाकायचा. मारून, खेचून, थकवून त्याला इतकं गप्प करायचं की पुढे जावं असं त्याला वाटेनासंच व्हावं. असा घोडाही ठरल्या वेगाने चालतो, कधीकधी शंभर मैल पूर्णही करतो. कागदावर त्याचा आणि करड्याचा निकाल सारखा दिसेल. फरक पाहायचा तर ९५व्या मैलावर पाहावा. मालकिणीने पोटरी नुसती जवळ आणली आणि घोडा आनंदाने दुडकीला लागला, तर शिकवणी उत्तम. टाच मारावी लागली तर घोडा पोहोचेल, स्वाराला पदकही मिळेल, पण त्या स्वाराला मी वाहवा देणार नाही. उतावळेपणा हीच त्या घोड्याची देणगी होती. ती जपून वापरायला शिकवणं हे स्वाराचं काम होतं, हिसकावून घेणं नव्हे.